रायाजी धनगराचे बंद गाठोडे

पोलीस ॲक्शन संपली आणि आमची कंपनी औरंगाबादच्या छावणीत आली. निजामाच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली होती. रझाकार पांगले होते. काही पकडले गेले, काही गावोगाव लपले. त्यांच्या रायफली मात्र त्यांच्याहून चांगल्या लपल्या होत्या. त्या शोधून काढणे हे आमचे काम होते.

मी तेव्हा हवालदार होतो. माझे गाव नगर जिल्ह्यात, गोदावरीच्या अलीकडच्या काठावर. पलीकडचा काठ म्हणजे मोगलाई, निजामाचे राज्य. लहानपणी त्या तीराकडे बोट दाखवून मोठी माणसे जे सांगत, ते बरोबर घेऊनच मी पलीकडे उतरलो होतो.

पाहिले तेवढेच लिहितो. त्या दिवसांत मराठवाड्यात बरेच घडले. ॲक्शनपूर्वी रझाकारांनी गावे जाळली. ॲक्शननंतर ज्यांनी काही जाळले नव्हते अशांचीही घरे जळली. त्याविषयी लिहिणारे दुसरे आहेत.

आमच्या प्लॅटूनची पिकेट, म्हणजे पहाऱ्याची चौकी, फुलंब्रीच्या रस्त्यावर, चौक्याचा घाट ओलांडल्यावर होती. शेजारच्या गावाचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे अजून आहेत. प्लॅटून कमांडर लेफ्टनंट सेठी. वय कोवळे, शिस्त कडक, घर लाहोरचे. घराविषयी माझ्याशी एकदाच बोलले. कुलूप लावून किल्ली बरोबर आणली होती, म्हणाले. घर उरले आहे की नाही, ठाऊक नाही. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे स्टँड टू, म्हणजे सगळ्यांनी शस्त्रे घेऊन मोर्च्यावर. उजाडल्यावर एक सेक्शन झडतीला, एक रस्त्यावर, एक विश्रांतीला. गावातून येणारी कुठलीही खाण्यापिण्याची वस्तू आणणाऱ्याने आमच्यासमोर आधी स्वतः चाखायची. विहिरीचे पाणीसुद्धा गावच्या माणसाने प्यायल्यावर आम्ही पीत असू. मुले जवळ आली तर त्यांना कोणी पाठविले ते विचारायचे. म्हातारी सरपण घेऊन गेली तरी मोळी सोडून पाहायची. आम्ही गावावर संशय घेत होतो. गाव आमच्यावर घेत होते. आणि गावातली घरे एकमेकांवर.

याला एकच अपवाद होता. गावात मोठी शेती असलेला एक गृहस्थ रोज सकाळी ताकाची घागर पाठवी, कधी स्वतः घेऊन येई. सगळे त्याला नाना म्हणत. नाना सांगण्याची वाट न पाहता पहिला पेला स्वतः पिई आणि मिशा पुसून म्हणे, "घ्या. मी मेलो नाय." जवान हसत. त्याच्यावर आमचा विश्वास बसला तो एवढ्यावरच.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक दाऊद होता. रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. बर्मात तो माझ्याबरोबर होता. तिथे मला ताप आला तेव्हा माझे पॅक त्याने स्वतःच्या पॅकवर बांधून वाहिले होते. प्लॅटूनमधला तो एकटाच मुसलमान. छावणी सोडताना कंपनी हवालदार मेजरने मला बाजूला घेतले.

"दाऊदवर नजर ठेव."

"कारण?"

"कारण विचारू नकोस. ठेव."

हुकूम होता. मी नजर ठेवली. चार दिवसांत ते दाऊदच्या लक्षात आले. संत्री बदलताना तो म्हणाला, "हवालदार, माझ्यावर पहारा लागलाय ना?"

"हो."

"मग जरा पाठीमागून ठेवा. ती बाजू उघडी असते माझी. तेवढाच उपयोग."

त्याने रायफल खांद्याला लावली आणि तो ड्युटीवर गेला.

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी नाना ताक घेऊन आला तो घागर ठेवून गेला नाही. लेफ्टनंट साहेबांशी एकांतात बोलायचे म्हणाला. साहेबांना मराठी येत नव्हते, म्हणून मला बोलावले.

नानाने सांगितले ते असे. गावाच्या टोकाला एक पीर आहे. त्याची सेवा करणारा मुजावर लालूभाई ॲक्शननंतर कुटुंब घेऊन शहरात पळाला. पळण्यापूर्वी त्याने एक जड गाठोडे रायाजी धनगराच्या घरी नेऊन ठेवले. आत लोखंड आहे. उचलताना वाजले, ते नानाच्या गड्याने ऐकले.

"धनगर हिंदू है?" साहेबांनी विचारले.

"व्हय साहेब. पन मुसलमानाच्या पैशाला आणि मैत्रीला भुललेला," नाना म्हणाला. "गावाच्या भल्यासाठी सांगतो. माझं नाव यात येऊ देऊ नका."

आम्ही लगेच निघालो.

रायाजीचे घर दगडमातीचे होते. पुढे काट्यांचे कुंपण, आत मेंढरे. कुत्री बांधलेली होती. आम्ही येणार हे त्याला आधीच कळले असावे, असा अर्थ मी काढला. ती रोजच उजाडल्यावर बांधली जात, हे नंतर समजले. रायाजी साठीचा, उंच, डोक्याला लाल पागोटे. त्याची बायको सोनाबाई ओसरीत लोकर पिंजत बसली होती. तिने हात थांबविला नाही.

गाठोडे शोधावे लागले नाही. देवघराच्या कोनाड्यात खंडोबाचे टाक होते आणि त्याखाली काळ्या घोंगडीत बांधलेले गाठोडे. लांबी रायफलीहून थोडी कमी. वर हळद सांडलेली. दाऊदने काठीने ढोसले. आत धातू वाजला.

"काय आहे?" मी विचारले.

"अमानत हाय," रायाजी म्हणाला.

"कुणाची?"

"लालूभाईची."

"आत काय?"

"ते कुनाला सांगायचं नाय म्हणून शबूद दिलाय, सरकार."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी शब्दशः सांगितले. लपविलेल्या शस्त्राला लष्करी अंमलाखाली काय शिक्षा होती ते दवंडी पिटून गावाला सांगितलेले होते. रायाजीलाही ते ठाऊक होते. तरी तो गाठोड्यापुढून हलला नाही.

सोनाबाई ओसरीतून बोलली. "आवं, सांगून टाका की आता. बंदुका म्हणून नेतेत तुमाला, आन् शबूद धरून बसा मग तुरुंगात." मग मला म्हणाली, "भाऊ, सवारी हाय त्यात. मोहरमचे पंजे. पीर लुटाया लोक टपलेत म्हणून लालूभाईनं आमच्याकडं ठिवलेत."

"मग उघडून दाखवा."

"चांद दिसल्याबिगर?" ती म्हणाली. "तुमच्या घरी घट बसायच्या आधीच उठवतेत व्हय?"

"मोहरमचा चंद्र कधी?"

"हीच बीज की. भाऊबीजेला दिसंल तोच. मुजावर येतो, ऊद जाळतो, त्याच्या हातानं कापड सुटतं. दुसऱ्यानं सोडलं तर गावाला लई वंगाळ."

मी भाषांतर केले. साहेब खंडोबाच्या टाकांकडे, हळदीकडे आणि पुन्हा गाठोड्याकडे पाहत राहिले.

"हिंदू के घर में, हिंदू देवता के नीचे, मुहर्रम के पंजे. ऊपर से हल्दी." मग ते वळले. "दाऊद. तुम्हारे यहाँ ऐसा होता है?"

दाऊद सावधान उभा राहिला. "नहीं साहब. हमारे यहाँ पंजे ही नहीं होते. हल्दी का तो सवाल ही नहीं."

"पक्का?"

"पक्का, साहब."

तिथे प्रश्न मिटला असे आम्ही सर्वांनी धरले. आज लिहिताना त्या क्षणाचा विचार करतो. दाऊद खोटे बोलला नव्हता. त्याचे लोक पंजे बसवीत नसत. औरंगाबादचा मुलूख त्याने माझ्याइतकाच पहिल्यांदा पाहिला होता. मला कोणी उद्या बंगालमधल्या पूजेविषयी विचारले, तर मी हिंदू आहे एवढ्याने मला काय कळणार होते? पण तो मुसलमान होता म्हणून त्याला विचारले गेले, आणि त्याने नाही म्हटले म्हणून ते साऱ्या मुसलमानांचे नाही ठरले. त्या घरात धनगर, पंजाबी, नगरचा मराठा आणि कोकणी मुसलमान असे चौघे उभे होतो. ज्याला ठाऊक होते त्याचे सोडून बाकी तिघांचे म्हणणे एक झाले होते.

जवानांना वाटले, आता गाठोडे फोडायचे. एकाने संगीन काढली. साहेबांनी हात वर केला.

"खोलना नहीं."

कारण साधे होते. काही दिवसांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात असेच एक गाठोडे जागेवर उघडले आणि आतला गावठी बाँब फुटून आमच्याच बटालियनचा एक जवान आंधळा झाला. तेव्हापासून स्टँडिंग ऑर्डर होती. बंद गाठोडे जागेवर उघडायचे नाही, छावणीत इंजिनिअरच्या माणसासमोर उघडायचे.

"देव पावला," सोनाबाई म्हणाली.

"क्या बोली?"

"उपकार झाले म्हणते, साहब."

"उसको बोलो, यह उपकार नहीं है. स्टैंडिंग ऑर्डर है."

मी तिला सांगितले.

"काय का असंना," ती म्हणाली. "उघडू नका म्हणजे झालं."

रायाजीला अटक झाली. गाठोडे ट्रकमध्ये न्यायला दोन जवान पुढे झाले, तेव्हा तो पहिल्यांदाच विनवणीच्या सुरात बोलला. "सरकार, मीच उचलतो. भुईला टेकवायची नसती." साहेबांनी मान हलविली. बाँब असलाच तर कैद्याच्या डोक्यावर असणे त्यांना सोयीचे वाटले असेल. मला तसेच वाटले.

वायरलेसवर कंपनी मिळाली.

"हॅलो एबल. टू कॉलिंग. कैदी एक, सामान एक. लेकर आ रहा हूँ. ओवर."

"सामान में क्या है? ओवर."

"मालूम नहीं. खोला नहीं. ओवर."

"कैदी क्या कहता है? ओवर."

"आकर बताऊँगा. आउट."

ट्रकच्या मागच्या भागात रायाजी गाठोडे मांडीवर घेऊन बसला. समोर मी, शेजारी दाऊद, बाकी सेक्शन कडेने. साहेब पुढे ड्रायव्हरजवळ. धुळीचा रस्ता होता. दाऊद बराच वेळ त्या घोंगडीकडे पाहत होता.

"बाबा, खरं सांगा. तुमच्या घरी मुसलमानांचे पंजे कशाला?"

"मुसलमानाचे कुठं? गावाचे हायेत. माझ्या बापानं सवारी धरली, त्याच्या बापानं धरली. लालूभाई ऊद घालतो, धरायचा मान आमचा."

"आणि हळद?"

"भंडारा हाय त्यो. खंडोबाच्या पायाशी ठिवलं तर उडणारच की." रायाजीने त्याला निरखले. "तुमी मुसलमान ना?"

"हो."

"मंग तुमाला कसं ठाव नाय?"

जवान हसले. दाऊद म्हणाला, "आमच्याकडे समुद्र आहे, बाबा. पंजे नाहीत."

"समुद्राला काय करता मग?"

"नारळ देतो."

"मुसलमान असून?"

"होडी सगळ्यांचीच बुडते," दाऊद म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हवालदार, हा माणूस खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलतो."

"चांगलं बोलणाऱ्यावरच लक्ष ठेवायचं," मी म्हणालो.

घाटाच्या अलीकडे एक ओढा रस्ता आडवा कापतो. तिथे ट्रकला जवळजवळ थांबावेच लागे. ओढ्यात तीस-चाळीस माणसे उभी होती. हातांत काठ्या, दोघा-तिघांकडे भाले. सर्वांत पुढे नाना. आमच्या आधी तो तिथे आडवाटेने पोहोचला होता. नाव येऊ देऊ नका म्हणणारा माणूस रस्त्यात उभा होता. ही गोष्ट मला खटकली. मी सेफ्टी कॅच सोडला.

साहेब खाली उतरले. मी ट्रकच्या मागच्या फळीवरून उडी मारून त्यांच्याजवळ गेलो.

"साहेब," नाना हात जोडून म्हणाला, "गावाचं म्हणणं हाय, गाठोडं इथंच उघडा. आन् फितुराला आमच्या ताब्यात द्या. आमच्या गावचा हाय, आमी बघून घेतो."

"रास्ता छोड़ो."

"गावाची खातरी व्हायला पायजे, साहेब."

"कैदी फौज का है. रास्ता छोड़ो."

माणसे हलली नाहीत. तेवढ्यात ट्रकमध्ये रायाजी उठून उभा राहिला. गाठोडे छातीशी धरलेले. तो ओरडला नाही. ओढ्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलला.

"नाना, काय हाय यात ते तुला ठाव नाय व्हय? तू पोटात व्हतास तवा तुझी माय याच सवारीफुडं निखाऱ्यावरनं चालली. तुझं जावळ कुठं काढलं? सांग की साहेबाला. ये रं बाळू, तू सांग. सदा, मागल्या साली ढोल कुनी वाजवला? तू का मी?"

जमावातल्या एकाने काठी खाली केली. दुसरा बाजूच्याकडे पाहू लागला.

"क्या कहता है?" साहेबांनी विचारले.

मी सांगितले. सगळे गाव जाणते, साहेब. हा नानाही जाणतो.

साहेब नानासमोर गेले. "तुम जानते थे?"

नाना एक पाऊल मागे सरला. ट्रकमध्ये दाऊद उठला. रायाजी उंचावर उघडा उभा आहे हे त्याने पाहिले होते. "बाबा, खाली बसा," असे म्हणत त्याने रायाजीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दाबले आणि स्वतः त्याच्यापुढे आला.

डावीकडच्या तुरीतून गोळी सुटली. थ्री-नॉट-थ्री रायफलीचा आवाज ओळखावा लागत नाही.

"उतरो. बाएँ. तूर में."

सेक्शन उतरला. ब्रेन मशीनगनवाल्याने तुरीच्या शेंड्यांवरून एक बर्स्ट मारला. दुसरी गोळी आली नाही. जमाव पळाला. दोन जवानांनी तुरीतून एकाला बाहेर ओढले. नानाचा भाचा होता. रायफलीच्या दस्त्यावर संस्थानच्या पोलिसांचा छाप होता. नाना ओढ्यात होता तिथेच बसला होता. त्याला पकडायला कष्ट पडले नाहीत.

मी ट्रकवर चढलो. दाऊदला गोळी बरगडीखाली लागली होती. फील्ड ड्रेसिंग बांधली, वर दुसरी बांधली. रक्त थांबत नव्हते. ट्रक निघाला. रस्त्याच्या प्रत्येक खळग्याला त्याचे डोके फळीवर आपटत होते. तेव्हा रायाजीने मांडीवरचे गाठोडे काढून त्याच्या डोक्याखाली सरकविले. मी त्याच्याकडे पाहिले.

"भुईला टेकवायची नसती," तो म्हणाला. "माणसाला चालती."

हर्सूल दिसू लागले तेव्हा दाऊदने डोळे उघडले.

"कडक आहे," तो म्हणाला. "काय आहे हे?"

"पंजा हाय, लेकरा," रायाजी म्हणाला.

दाऊद थोडा हसल्यासारखा झाला. त्याने काही म्हटले, ते ट्रकच्या आवाजात मला ऐकू आले नाही. दिल्ली दरवाजा यायच्या आत तो गेला. त्याच्यावर नजर ठेवण्याचा हुकूम तोपर्यंत कोणी मागे घेतला नव्हता.

चौकशीत सगळे उघड झाले. ॲक्शनच्या गडबडीत पोलीस चौकी ओस पडली तेव्हा नानाच्या घराने तिथल्या रायफली उचलल्या होत्या. पिराची इनाम जमीन त्याच्या बांधाला लागून होती. मुजावर पळाला होता. जमीन कसणारा रायाजी उरला होता. लष्कराने त्याला शस्त्रे लपविणारा म्हणून नेले असते, तर वाट मोकळी होती. ओढ्यात लष्कर दाद देत नाही आणि रायाजी बोलायला लागला, हे पाहून भाच्याने त्याला गप्प करायचे ठरविले. पुढचे काम न्यायालयाने केले.

पण हे समजायला काही दिवस लागले. त्या दुपारी छावणीत आमच्याकडे होते ते एक प्रेत, तीन कैदी आणि एक बंद गाठोडे. घोंगडी रक्ताने भिजली होती. इंजिनिअरचा जमादार आला. त्याने कान लावला, बोटांनी चाचपले.

"बारूद नहीं है, साहब. धातु है. चपटा. अभी खोल दूँ?"

स्टँडिंग ऑर्डर संपली होती. आता न उघडण्याला लष्करी कारण उरले नव्हते. रायाजी दाराशी बेड्या घालून उभा होता. सांगायचे ते त्याचे सांगून झाले होते.

लेफ्टनंट साहेब म्हणाले, "नहीं. क्वार्टर गार्ड में रखो. संतरी लगाओ. चाँद तक."

मेजर साहेबांनी त्यांना बोलावून कारण विचारले. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. बाहेर आले तेव्हा साहेबांचा चेहरा लाल होता. हुकूम बदलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाऊदला छावणीच्या कब्रस्तानात लष्करी इतमामाने पुरले. रायाजीला साहेबांनी पहाऱ्यात येऊ दिले. काय करायचे ते त्याला माहीत नव्हते. मलाही नव्हते. इतरांनी माती टाकली तशी आम्ही टाकली.

भाऊबीजेला संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली. शहरातून मुजावराला एस्कॉर्ट देऊन आणले होते. लालूभाई किडकिडीत माणूस, सारखा मागे वळून पाहणारा. आम्ही त्याला मारायलाच बोलावले आहे अशी त्याची खात्री होती. रायाजीला पाहिल्यावर तो थोडा सावरला. त्याने निखाऱ्यावर ऊद टाकला आणि चाचरत म्हणाला की, इथे जूते उतरवावे लागतात. साहेबांनी बूट काढले. मी काढले. संत्री बुटांसकट उभा होता. त्याने साहेबांकडे पाहिले.

"संतरी बूट नहीं उतारेगा," साहेब म्हणाले. "ड्यूटी पर है."

लालूभाई घाईने म्हणाला, "उनका पहरा है, हुज़ूर. पहरेवाले को माफ़ है."

घोंगडी सुटली. आत हिरवे कापड, त्याच्या आत दुसरे. रायफल बाहेर येईल तर काय करायचे ते मी मनात ठरवून ठेवले होते. माझा हात रायफलीच्या पट्ट्यावर होता. बाहेर आले ते पितळेचे पंजे. दोन मोठे, बाकी लहान. एकाच्या बोटांत भंडारा अडकला होता. लालूभाईने तो पुसला नाही.

साहेब पंज्यांकडे पाहत म्हणाले, "लाहौर में मुहर्रम का जुलूस हमारी गली से निकलता था. हर साल. माँ खिड़की बंद कर देती थी. मैंने कभी देखा नहीं."

रायाजी सुटला. पिकेट वर्षभरात उठली. आमची बटालियन दुसरीकडे गेली.

माझा संशय तिथे संपला असे मी लिहिणार नाही. दुसऱ्या मोहरमाला मला रजा होती. रायाजीच्या गावातल्या कोणीतरी सांगितले होते की, सवारी आता ओढ्यापर्यंत नेतात आणि तिथे दाऊदच्या नावाने थांबतात. लोक सांगतात ते करतात का, हे पाहायला मी न कळविता गेलो आणि तुरीच्या बाजूला उभा राहिलो. ढोल वाजवत सवारी आली. पंजा रायाजीच्या हातात होता. ओढ्यापाशी ढोल थांबले. लालूभाईने फातेहा म्हटली, रायाजीने भंडारा उधळला. मग सगळ्यांनी "दाऊद शिपाई" असे नाव घेतले. मी पुढे गेलो.

"शिपाई नाही," मी म्हणालो. "लान्स नाईक."

त्यांनी नाव पुन्हा घेतले. तेव्हापासून ते "लासनायक दाऊद" म्हणतात.

हे दाऊदच्या घरी सांगावे की नाही, याचा मी काही वर्षे निर्णय केला नाही. त्यांच्यात हे चालत नाही, हे दाऊदच्याच तोंडून ऐकले होते. शेवटी कोकणात गेलो. त्याचे वडील जहाजावर तांडेल होते, आता घरीच असत. अंगणात जाळे विणत बसले होते. मी सगळे सांगितले, ओढा, तूर, ट्रक, पंजा. भंडारासुद्धा.

"आमच्यात ह्या काय करत नाय," शेवटी ते म्हणाले. "मौलवी मना करतात."

"ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल तर मी त्यांना थांबवायला सांगतो."

त्यांनी जाळ्याची गाठ ओढून पाहिली.

"दरसाल थांबतात?"

"दरसाल."

"उन्हातसुद्धा?"

"चंद्राचा महिना आहे. फिरत राहतो. कधी उन्हाळ्यातही येतो."

"झाड हाय का थयं?"

"नाही."

"मग त्यांना सांगा, एक लावा म्हणावं. माणसं उन्हात उभी राहतात."

परत जाऊन मी ते रायाजीला सांगितले. धनगराच्या गावात रोप जगविणे सोपे नाही, मेंढरे शेंडा ठेवत नाहीत. त्याने कडुनिंब लावला, काट्यांचे कुंपण घातले आणि स्वतःच्याच कळपावर काठी उगारून तो राखला. रायाजी गेला, लालूभाई गेला, लेफ्टनंट सेठी पुढे कर्नल होऊन निवृत्त झाले आणि गेले. लान्स नाईक दाऊदचे नाव तिथे कुठल्या पाटीवर नाही. सवारी येते तेव्हा माणसे आता सावलीत उभी राहतात.